तिसरी पाल

घरच्या दोन पालींसाठी अळ्या आणायला मी दुकानात गेले होते. आमच्या पाली ठिपक्यांच्या, परदेशी जातीच्या. काचेच्या पेट्यांत राहतात. दुकानात तशीच तिसरी दिसली. ती कात टाकत होती आणि हातमोजा काढावा तशी ती कात तोंडाने ओढून सावकाश गिळत होती.

"ताई, एकच राहिलीय," दुकानदार म्हणाला.

मी बघत राहिले. कुत्रा निदान दारापर्यंत धावत येतो. आमच्या दोघी तीन वर्षांत माझ्यासाठी एकदाही जागच्या हलल्या नाहीत. तळहातावर बसतात, तेही हात गरम असतो म्हणून. मग आणखी एक कशाला हवी? पहिली कळेना म्हणून दुसरी आणली. दुसरीही कळली नाही. आता वाटतं, ही तिसरी तरी काही सांगेल.

अळ्या तेवढ्या घेऊन घरी आले. सासूबाईंना या पाळलेल्या पालींचं कौतुक नाही. त्यांचा विश्वास स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या साध्या पालीवर. कुणी बोलत असताना ती चुकचुकली, की त्या ओट्यावर बोटं वाजवून "कृष्ण कृष्ण" म्हणतात आणि ते बोलणं खरं धरतात.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "नुसत्या अळ्याच?"

"हो. आता तिसरी नको."

आम्ही दोघींनी भिंतीकडे पाहिलं. पाल ट्यूबलाइटमागून आमच्याकडेच बघत होती, पण चुकचुकायचं काही नाव घेत नव्हती.