प्रकाशचा शर्ट अजून वाळलेला नाही

आधीच सांगून टाकते, मी लिंबू-मिरचीवाली बाई नाही. आष्ट्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि अमावस्येलासुद्धा माझं मशीन चालू असतं. अंगात आलेल्या बाया दुकानापुढून घुमत गेल्या तरी मी मान वर करत नाही... ब्लाउजची डिलिव्हरी कोण देणार, देवी? तेव्हा खाली कमेंटमध्ये कुणाला "अंधश्रद्धा पसरवू नका" असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा. मी झालं तेवढं सांगणार. रागानं सांगणार, तेही कबूल.

माझी धाकटी बहीण वैशाली उंब्रजला दिली होती. चार वर्षांपूर्वी, गणपती झाल्यावर, ती कृष्णेत बुडाली. त्यांची थोडी जमीन नदीतल्या एका लहानशा बेटावर होती, तिथं वांगी-काकडी लावायचे. पलीकडं जायला एक जुनी काहील होती — गुऱ्हाळात रस उकळायची मोठी कढई, आमच्याकडं तिचाच नावेसारखा वापर करतात. काठाला आणि बेटाला दोर बांधलेला असतो, तो धरून काहील ओढत न्यायची. त्या दिवशी मधेच दोर सुटला आणि काहील उलटली. वैशीला पोहता येत नव्हतं. तिचा नवरा प्रकाश काठावर होता आणि तो म्हणजे पोहण्याच्या शर्यतीत ढाल मिळवलेला माणूस!

"मी उडी मारली अक्का, लय हातपाय मारलं, पर घावली न्हाई," असं तो सगळ्यांपुढं ऊर बडवून सांगत होता.

पण मला फोन त्यानंच केला होता. त्याच्याच नव्याकोऱ्या मोबाईलवरून. दीड तासात मी पोचले तेव्हा तो काठावरच बसला होता, घरी गेलेलाच नव्हता. अंगात पांढरा टेरिकॉटचा शर्ट, बाहीवर इस्त्रीची घडी जशीच्या तशी, गढूळ पाण्याचा एक डाग नाही. नदीत उडी मारलेल्या माणसाचा शर्ट कसा दिसतो ते मला कळत नाही होय? कापडातच आयुष्य गेलं माझं. मी वडीलधाऱ्यांना सांगितलं. "दुक्कात काय बी मनात येतं बाई, गप ऱ्हा," म्हणाले. चार वर्षं गप राहिले. झोपायला डोळे मिटले की ती घडी दिसायची.

वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. मनीषा, गरीब स्वभावाची पोरगी, तिच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तक्रार होती ती आर्यावरून. आर्या म्हणजे वैशीची मुलगी, आता दहा वर्षांची. तिला तो आजोळी पाठवायचा नाही. यंदा उन्हाळ्यात कळलं की जूनपासून तिला लांब कुठल्यातरी होस्टेलला टाकणार आहे. "माझ्याकडं द्या, मी सांभाळते," म्हटलं, तर साफ नाही म्हणाला. मला दोन गोष्टी हव्या होत्या. आर्या माझ्या घरात, आणि त्याच्या तोंडून एकदा खरं.

ट्रिपची कल्पना आमच्या ह्यांची. हे सैन्यातून रिटायर झालेले, पैसा सोडायचा म्हणजे जिवावर येतं. मी आणि माझ्या शेजारच्या दुकानातली मैत्रीण शबाना, आम्ही मोबाईलवर अंदमानची बेटं बघून उसासे टाकत होतो. हे म्हणाले, "बेटंच बघायची न्हवं? मग आपल्या नदीनं काय घोडं मारलंय?" आणि लगेच कागदावर यादी केली. पहिलं बहे गावाजवळचं कृष्णेतलं बेट, शेवटी बामणोलीला लाँचमधून कोयना धरणाच्या फुगवट्यातली बेटं. आमची जुनी व्हॅन, घरच्या भाकऱ्या, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, मुक्काम साताऱ्यात ह्यांच्या दोस्ताकडं. मी प्रकाशलाही बोलावलं, आणि फुकट म्हटल्यावर तो कुटुंब घेऊन आदल्या संध्याकाळी एसटीनं आष्ट्यात हजर!

यादीत मधलं बेट मी घातलं. उंब्रजजवळचं. ह्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

शनिवारी सकाळी बहे. मे महिन्यात पाणी कमी, सगळे मजेत होते. तिथं शबानानं मनीषाला विचारलं, "गळ्यात हे काय गं चांदीचं?" मंगळसूत्राशेजारी टाक होता. शबानाला माहीत नव्हतं, म्हणून मनीषानंच सांगितलं. पहिली बायको गेलेली असली की तिची मूर्ती उठवलेला चांदीचा छोटा पत्रा दुसरीनं गळ्यात घालायचा. तिला मान द्यायचा, म्हणजे तिचा आत्मा दुखावत नाही. "ह्या आमच्या थोरल्या बाई," मनीषा हसून म्हणाली. आर्यानं पटकन पुढं होऊन टाकाला हात लावून नमस्कार केला, रोज करत असणार.

आमचा फोटो काढायला प्रकाश मोबाईल घेऊन उभा होता. "ए, ते काढ गं गळ्यातलं. फोटूत कशाला तिला?"

मनीषा घाबरली. "आवं, काढत न्हाईत ते."

"काढ म्हटलं की काढायचं!" त्यानं स्वतःच दोरा मानेवरून ओढून काढला आणि टाक अंगातल्या पांढऱ्या टेरिकॉटच्या शर्टाच्या खिशात कोंबला. फोटो काढल्यावर त्याच खिशात मोबाईल. "संध्याकाळी देतो," म्हणाला. आर्या बघत होती म्हणून मी दात-ओठ खात भाकरीचा डबा उघडला.

कराड मागं पडेपर्यंत त्याचा खिसा भिजला होता. "घाम," तो म्हणाला. एवढ्याशा खिशाला एवढा घाम? मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

दुपारी उंब्रजच्या त्या काठावर गाडी थांबली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "अक्का, हितं कशाला?"

"बहिणीला हळद-कुंकू वाहायचंय. चला की पाव्हणं, तुमी तर उडी मारली व्हती हितं. जागा दाखवा."

"माझं डोकं दुखतंय. तुमी जाऊन या."

तो व्हॅनमध्येच मागच्या सीटवर बसला, काठावरच्या बाभळीखाली. आम्ही बाकीचे एका मासेमाराच्या होडीतून बेटावर गेलो. मी आणि मनीषानं हळद-कुंकू वाहिलं. तिनं स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या काढून पाण्यात सोडल्या, कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता जे सांगते ते नीट वाचा. बेटावरून व्हॅन समोर दिसत होती. माझी नजर एक मिनिटही हलली नाही, कारण मला त्याला तळमळताना बघायचं होतं. तो दार लावून, नदीकडं पाठ करून बसला होता. खाली उतरला नाही. पाण्याजवळ तर मुळीच गेला नाही.

आम्ही परत आलो तर व्हॅनच्या दारातून पाणी ठिबकत होतं.

ह्यांनी दार उघडलं. प्रकाश गळ्यापर्यंत चिंब भिजलेला. केसांची टोकं कोरडी, आणि मानेखाली सगळं निथळतंय. सीटवर वाळू, कॉलरला शेवाळाची हिरवी तार. मोबाईल त्याच्या हातात होता आणि त्याच्या भोकांतून पाणी येत होतं.

"पाण्यात गेलावता व्हय?" ह्यांनी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. दात वाजत होते त्याचे, मे महिन्यातल्या भर दुपारी. "आईच्यान न्हाई. बसल्या जागी..."

शबाना माझ्या कानाशी लागली, "ताई, बाटली सांडली असेल." मी म्हटलं, सांडली असेल. पण आमच्या गाडीत पाण्याचा एकच कॅन होता आणि तो डिकीत भरलेला तसाच होता.

साताऱ्यात पोचल्यावर शर्ट मी आणि शबानानं मिळून पिळला, गच्चीवर वाळत घातला. टेरिकॉट मे महिन्यात अर्ध्या तासात वाळतो, कुठल्याही टेलरला विचारा. सकाळी उठून बघितलं तर शेजारचे टॉवेल पापडासारखे कडकडीत, आणि हा शर्ट ठिबकतोय. पुन्हा पिळला, पुन्हा तेवढंच पाणी. तोवर प्रकाशनं ह्यांचा शर्ट घातला होता, टाक त्याच्याही खिशात टाकला. चहा येईपर्यंत तो शर्ट चिंब! मनीषानं टाक मागितला. "गप बस," म्हणून त्यानं तिच्यावर हात उगारला. ह्यांनी तो वरच्यावर धरला आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, माझ्या गाडीत ह्ये चालणार न्हाई."

तो परत फिरू या म्हणत होता. पण आर्यानं लाँच कधी बघितली नव्हती, म्हणून कास ओलांडून आम्ही बामणोलीला उतरलो. लाँचवाल्यानं प्रकाशकडं बघून विचारलंच, "हे कुठं पडलं?"

पहिल्याच बेटाला लाँच लागली. कातळ आणि गवत, दुसरं काही नाही. प्रकाश उतरून एका दगडावर उन्हात बसला, अंगाभोवती दगड ओलीनं काळा होत गेला. आर्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अगदी साधं, शाळेत बाईंना विचारावं तसं विचारलं,

"पप्पा, आई बुडाली तवा पन तुमी असंच भिजला व्हता का?"

मी हे तिला शिकवलं नव्हतं. आर्याची शपथ घेऊन सांगते.

प्रकाशच्या तोंडातून आलं, "न्हाई."

"मग?"

"मी उतरलोच न्हाई पान्यात." तो आता माझ्याकडं बघत होता. "अक्का, फोन नवा हुता. खिशात हुता. तिनं हाक मारली... दोनदा मारली. मी फोन ठेवायला कोरडी जागा बघत हुतो. समदीकडं चिखल. चप्पल काढली, तिच्यावर ठिवला, तर ती घसराया लागली. पुन्ना उचलला. वर बघितलं तवा पाणी सपाट झालं हुतं."

चार वर्षं मी मनात त्याला काय काय ठरवलं होतं. ढकललं असेल, भांडण झालं असेल, दुसरी बाई असेल. आणि निघालं काय? एक फोन! मी त्याच्या थोबाडीत मारली. हाताला थंडगार पाणी लागलं. शबाना आर्याला पोटाशी धरून उभी होती आणि मनीषा खाली बसून रडत होती.

त्यानं खिशातून टाक काढून माझ्यापुढं धरला. "घ्या. तिला म्हणावं, सोड मला."

मी टाक घेतला. आणि हे मला अजून उमगत नाही — दोन दिवस त्या भिजलेल्या खिशात होता, तरी टाक कोरडा होता. दोराही कोरडा. उन्हात ठेवलेल्या वाटीसारखा ऊबदार लागला हाताला.

जूनमध्ये मनीषा स्वतः आर्याला आणि तिच्या शाळेच्या दाखल्याला घेऊन आष्ट्याला आली. कागदावर प्रकाशची सही होती, शाई पसरलेली. मी टाक तिच्यापुढं केला, तिचाच होता तो. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच अक्का. मला थोरल्या बाईंचं भ्या न्हाई. त्यांचं माझ्याशी काय वाकडं न्हाई." तिच्याकडूनच कळलं, तो घालेल तो कपडा भिजतो. गादी रोज सकाळी निथळते. बोटांची कातडी सुरकुतलेली, धुणं धुणाऱ्या बाईसारखी. डॉक्टर घामाचा आजार म्हणतात, गोळ्या चालू आहेत. ह्यांचा शर्ट मात्र त्याच्या अंगावरून उतरल्यावर वीस मिनिटांत वाळला होता. साताऱ्यात पिळलेला त्याचा तो पहिला पांढरा शर्ट अजून वाळलेला नाही.

दिवाळीत तो दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. पायाखाली थारोळं. कुणा देवऋषीनं सांगितलं म्हणे, पहिलीच्या थोरल्या बहिणीनं टाक तिच्या जागी नदीत सोडला की सुटेल. "अक्का, पाया पडतो तुमच्या. एकदा चला."

मी मशीन थांबवलं नाही. "कोरडी जागा बघून बसा पाव्हणं," म्हटलं. "शिवण झाली की बोलू." तासभर उभा राहून तो गेला. पायरी संध्याकाळपर्यंत ओली होती.

शबाना अजून बाटली म्हणते, पण तीही आता त्या व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसत नाही. मला वाईट म्हणायचं तर म्हणा, पण मला रात्री छान झोप लागते.

आर्याला मी सगळं सांगितलं आहे, देवऋषीचंसुद्धा. "तुझ्या आईचा टाक आहे. तू 'चल' म्हणशील त्या दिवशी उंब्रजला जाऊ आणि सोडू," एवढंच म्हटलं. रोज शाळेला जायच्या आधी ती देवघरातून टाक काढते, माझ्याकडची एक स्वच्छ चिंधी घेऊन पुसते, आधीच कोरडा असतो तरी पुसते, आणि पुन्हा जागेवर ठेवते.

अजून तरी ती 'चल' म्हणालेली नाही.