औताच्या बैलाचं हाड
फॉर्मलिनचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळाआधीची, नगरच्या कॉलेजातली प्राणिशास्त्राची तोंडी परीक्षा आठवते. परीक्षकांनी उभी चिरलेली दोन हाडं पुढ्यात ठेवली. "यातलं औताच्या बैलाचं कोणतं?" मी दोन्ही हातात तोलली. "हे, सर. भिंत जाड आहे. ओढ पडते तिथं हाड भरतं." "पुस्तकात कुठं आहे हे?" "पुस्तकात नाही, सर." "मग अंदाजपंचे ठोकलंस! कारण सांग, नाहीतर नापास." मागची मुलं हसली. धर्मांतराआधी माझे वडील गावातली मेलेली गुरं ओढून नेत, सोलत. हे मी तिथं कुणालाच सांगितलं नव्हतं. "वडील सांगायचे, सर," मी शेवटी म्हणालो, "राबल्याल्या बैलाचं हाड लई जड हुतं म्हणून. त्यांनी पुष्कळ गुरं सोललीत." हसणं थांबलं. परीक्षक खुर्चीत सरळ बसले. "मग त्यांना विचार," ते हळू म्हणाले, "हाड कोणत्या बाजूला जास्त भरतं?" हाडातल्या पेशींना भार जाणवतो आणि त्या तसं हाड घडवतात, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं, पण तो प्रश्न घेऊन मी त्याच संध्याकाळच्या एसटीनं वडिलांकडे गेलो.