आधी बसायचं

"ते स्टूल बाजूले करा," मालक म्हणाले. "आमी खाली बसलो, अन् हे पोरगी वर बसंन काय?"

नोकरानं स्टूल उचललं. मी टेकणारच होते. अर्धी वाकले होते, तशीच राहिले.

मंगरूळपीरच्या कापसाच्या जिनवाल्या मालकांच्या घरचं लग्न. स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली होती. दिवाणखान्यात गाद्या-लोड टाकून पाहुणे बसलेले, आणि भिंतीशी पियानो. कुणी इंग्रज साहेब देश सोडताना सामान विकून गेला, त्यातला. घरात कुणाला त्यातून एक सूर काढता येत नव्हता, पण हौसेला मोल नसतं. एरवी त्यावर फुलदाण्या ठेवायचे.

माझा बा बाहेर मांडवाच्या दारात सनई वाजवत होता. मांगवाड्यातला सनईवाला. त्याची पोरगी वाशिमला मिशनच्या बोर्डिंगात शिकते आणि असली पेटी वाजवते, हे कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं. अकोल्याच्या पाहुण्यांपुढं मिरवायला त्यांना तेवढंच पाहिजे होतं. मला बोलावणं आलं. मी सोळा वर्षांची. हरखून गेले होते.

मी म्हटलं, हे बसूनच वाजवतात. मालक हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुहा बाप कदी बसून वाजवते काय?"

खरंच होतं ते. बानं जन्मात बसून वाजवलं नाही. वरातीपुढं चालत, नाहीतर दारात उभा. पंगतीला बसायचा तोही सगळे उठल्यावर, उकिरड्याच्या बाजूला.

मी दाराकडं पाहिलं. बा सनई खाली घेऊन उंबऱ्याबाहेर येऊन उभा होता. हळूच म्हणाला, "वाजव माय. उभ्यानंच वाजव."

आणि मी उभ्यानं वाजवलं.

बोर्डिंगात मिसबाईंनी पहिले पंधरा दिवस मला पट्ट्यांना हात लावू दिला नव्हता. नुसतं बसायला शिकवलं. पाठ ताठ, खांदे सैल, कोपर पट्ट्यांच्या उंचीला. जोर बोटांत नसतो, पाठीतून येतो, असं त्या सांगायच्या. मला पियानोपेक्षा त्या बसण्याचंच नवल वाटायचं. तोवर मला कुणी बस म्हटलं नव्हतं. सरक म्हणायचे. ऊठ म्हणायचे.

त्या दिवाणखान्यात मी शेतात निंदायला वाकतात तशी वाकून वाजवत होते. पेडलवर पाय ठेवला की तोल जायचा. सूर तुटत होते, मला कळत होतं, दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. पाहुणे खूश. पाहा, उभ्यानं वाजवते, असं एक बाई दुसरीला सांगत होती. सर्कशीत पडतात तशा टाळ्या पडल्या. मालकीणबाईंनी वरूनच खण टाकला. मी पदरात झेलला. बाला धोतर मिळालं.

वाटेत भेटेल त्याला बा थांबवून सांगत होता, की त्याच्या पोरीनं मालकांच्या घरात पेटी वाजवली. त्याचा आनंद बघून मला रडू फुटलं. त्याला वाटलं, पोरगी सुखानं रडते.

पुढं मिसबाईंच्या ओळखीनं नागपूर झालं, मुंबई झाली. मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं. बसून. पण स्टूलवर टेकताना दर वेळी छातीत धस्स व्हायचं, की आता मागून कुणी ते ओढून नेईल. अजून होतं.

सात-आठ वर्षांनी गावानं माझा सत्कार ठेवला. जिनाच्या आवारात मंच, मंचावर तोच पियानो. थेट वाशिम-रिसोडहून माणसं आलेली. पुढाऱ्यांना खुर्च्या, मालकांना खुर्ची. पियानोपुढं काहीच नाही. मी स्टूल मागितलं. मालकांचा मुलगा फार गोडीनं म्हणाला, "उभ्यानंच वाजवा ना, ताई. लोकं तेच पाह्याले आले."

ताई म्हणाला. मान दिला. स्टूल दिलं नाही.

सगळ्यांच्या मागं, कुंपणाशी बा उभा होता. केस पांढरे झाले होते. फुंकून फुंकून छाती गेलेली, सनई सुटलेली. मुंबई त्याला झेपत नव्हती, म्हणून त्या लग्नानंतर त्यानं मला कधी ऐकलं नव्हतं. खरं तर मी त्याच्यासाठीच आले होते. तो गर्दीतून वाट काढत पुढं आला. आधी मंचावरच्यांना हात जोडले. मग मला म्हणाला, "वाजव माय. एक डाव. मले आयकू दे."

"उभ्यानं नाही, बा."

मी पियानोचं झाकण लावलं आणि उतरले. मोटार स्टँडपर्यंत एकटीच चालत गेले. बा मागं आला नाही.

दोन महिन्यांनी तार आली. बा गेला होता. त्यानं मला बसून वाजवताना एकदाही ऐकलं नाही.

लोक म्हणतात, बापासाठी एकदा वाजवलं असतं तर तुझं काय झिजलं असतं? मीही स्वतःला हेच विचारते. पण तेव्हा वाजवलं असतं, तर त्याच्या जन्मभराच्या उभं राहण्याला मीच होकार दिला असता.

त्या गावानं पुन्हा बोलावलं तर मी जाईन. स्टूल माझं मी नेईन. मांगवाड्यातली माणसं आधी बसतील, मग मी बसेन. त्यांतला एक जरी कुंपणाशी उभा दिसला, तर झाकण उघडणार नाही.