मास्तरांचा हात

मास्तर कापड कापायला उभे राहिले की मीसुद्धा गप्प बसायचो, आणि माझं तोंड कसं आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. शिवणाचा कारखाना माझा, पण कात्रीपुढे माझं काही चालायचं नाही. वीस थरांची थप्पी ते एका दमात कापायचे.

त्यांच्या डोक्यात आवाज यायचे. गोळ्यांनी आवाज थांबले, पण हात थरथरायला लागला. गणवेशांच्या दोन थप्प्या वाया गेल्या तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

"मास्तर, चार दिवस गोळ्या राहू द्या. माल जाऊ दे, मग खा खुशाल."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डॉक्टर येणारेत का कापायला?"

हात स्थिर झाला. चाराचे दहा दिवस झाले, मी विषयच काढला नाही. अकराव्या दिवशी भर दुपारी इस्त्रीवाला त्यांच्याशेजारी कापड उचलायला वाकला. "पुन्हा बोललास?" मास्तर किंचाळले. त्या बिचाऱ्याने चकार शब्द काढला नव्हता. कात्री त्याच्या मानेत घुसली, बाहेर आली, परत घुसली. पांढऱ्या कापडावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. आम्ही मास्तरांना खाली पाडलं. ते निपचित पडले तरी मी लोखंडी गजाने हाणत राहिलो. त्यांचे दात फरशीवर सांडले. खरं सांगतो, मला भीती वाटत होती, आणि मारताना ती कमी होत होती. इस्त्रीवाला दवाखान्याच्या दारातच गेला.

कोर्टात सगळं एकाच गोष्टीवर येऊन अडलं. गोळ्या स्वतःच्या मर्जीने सोडल्या असतील तर तुरुंग, कोणाच्या सांगण्यावरून सोडल्या असतील तर इस्पितळ.

"कोणी सोडायला सांगितल्या?" न्यायाधीशांनी विचारलं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. कोठडीत गोळ्या परत सुरू झाल्या होत्या, त्यांचा हात पुन्हा थरथरत होता.

"सांगणारे काय, हजार सांगतील साहेब. आवाज माझ्या हातात नव्हते. गोळी होती."

मग मला बोलावलं. "यांनी गोळ्या सोडल्यात हे तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो. "माहीत असतं तर कात्रीला हात लावू दिला असता का?"

मास्तरांना जन्मठेप झाली. बाहेर इस्त्रीवाल्याची बायको माझ्याजवळ आली. "दादा, तुम्ही आवरलंत म्हणून बाकीचे तरी वाचले."

"तेवढं तर करायलाच हवं होतं, ताई," मी म्हणालो.