कुमुदताईंची खोटी एकादशी

कुमुदताई झोपेतच गेल्या, असा ह्यांचा फोन आला तेव्हा मी बिबवेवाडीच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. जुडी हातातच राहिली... त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. एका ओट्यावर आम्ही उभा जन्म काढला, एकमेकींना टोमणे मारले, पण तैवानला अमेयकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, जायची वेळ आली तेव्हा मला घेतल्याशिवाय निघायला त्या तयार होईनात. ही नसली तर मी भांडू कोणाशी, असं त्यांचं म्हणणं.

तिथे एक दिवस अमेयने आम्हाला डोंगरातल्या हाक्का लोकांच्या गावी नेलं. हाक्का म्हटल्यावर आम्हाला कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या नूडल्स तेवढ्या ठाऊक. लाल विटांची बैठी घरं, आणि वाटेवर पांढऱ्या फुलांचा सडा, आपल्याकडे बुचाच्या झाडाखाली पडतो तसा. कुमुदताईंनी ओंजळभर वेचली. फार खुशीत होत्या हो त्या दिवशी.

अमेयच्या घरमालकीणबाई त्याच गावच्या, वयस्कर, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी जेवायला बोलावलं होतं. आधी मातीच्या खरबरीत वाडग्यात चहाची पानं, तीळ नि शेंगदाणे घालून लाकडी दांडा आमच्या हाती दिला. आम्ही हौसेने घोटलं. मग ताटल्या आल्या. तांदळाच्या रुंद शेवया, मोहरीच्या पाल्याचं लोणचं... आणि त्याच वेळी घरात डुकराच्या मांसाचा वास भरला. कुमुदताईंचा पदर तोंडाला गेला. मला काही कळायच्या आत त्या अमेयला म्हणाल्या, "सांग त्यांना, आज आमची एकादशी आहे."

एकादशी कसली, कपाळ! पण मीही मान डोलावली. देवाचा उपास म्हटल्यावर बाईंनी हात जोडले, ताटल्या मुकाट्याने आत नेल्या, आणि पाहुणे उपाशी म्हणून दुपारभर स्वतःही आमच्यासमोर उपाशी बसल्या. परतताना गाडीत अमेयने सांगितलं, वास शेजारच्या घरातून येत होता. आमच्यासाठी बाईंनी कोरी कढई आणली होती, आदल्या दिवसापासून घरात मांस शिजवलं नव्हतं. कुमुदताई खिडकीकडे तोंड करून रडल्या. खोलीवर आल्यावर आम्ही डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. पुण्यात आल्यापासून फोनवर अमेयला त्यांचं एकच सांगणं... तू काही बोलू नकोस, मी येणार, त्यांच्या घरी पोटभर जेवणार आणि खरं काय ते माझ्या तोंडाने सांगणार. मग गुडघे दुखायला लागले, मग बीपी. जाणं राहूनच गेलं.

परवा सगळे विधी उरकून अमेय परत जायला निघाला होता. बॅग भरता भरता त्याने फोनवर आलेला निरोप मला वाचून दाखवला. आई गेल्याचं त्याने मालकीणबाईंना कळवलं होतं. त्यांनी कुमुदताईंसाठी, आमच्या रीतीचा म्हणून, दिवसभर उपास धरला होता. आता विचारत होत्या, तो सोडायचा कशाने?

मला त्याच्याकडे बघवेना.

"काय लिहू, काकू?"

"आधी म्हणावं, जेवा. मग लिही, त्या दिवशी एकादशी नव्हती."

त्याने लिहिलं. पुढे अंगठा हलेना. शेवटी हळूच म्हणाला, "आईला बरं नव्हतं, असं लिहू का?"

"नको. किळस आली, असं लिही. आणि दोघींना आली, असं लिही."