विद्यापीठापासून दहा मिनिटांवर

कोर्डुला वेंडलिंगची परीक्षा का हुकली, हे जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या तिच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दुधाचा टँकर! गेल्या फेब्रुवारीत, परीक्षेच्या पहिल्याच सकाळी, गावातल्या नॉर्बर्टचा टँकर बर्फावरून घसरून उतारावर आडवा झाला, ट्रियर शहराला जाणारी बस त्याच्यामागे अडकली, आणि सात वर्षं कायदा शिकलेली पोरगी पेपराला पोचलीच नाही. नॉर्बर्ट बिचारा दुसऱ्या दिवशी टोपी हातात धरून माफी मागायला आला. येताना घरच्या चीजचा अख्खा गोळा घेऊन आला. कोर्डुलाने तो घेतला आणि वर म्हणाली, "असू दे रे, तुझा काय दोष."

खरंच त्याचा काही दोष नव्हता. बसला थोडा उशीर झाला होता इतकंच. कोर्डुला परीक्षेच्या इमारतीपाशी पोचली तेव्हा दार उघडं होतं, मुलं आत शिरत होती. वर्गातली एक मैत्रीण तिला "चल ना" म्हणाली, तर ही म्हणाली, "पुढे हो, मी आलेच." आणि पायरीवर उभी राहिली. पाय काही उचलेना. छातीत घण पडत होते, तळव्यांना घाम सुटला होता, आणि जे काही वाचलं होतं त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. शेवटी आतून दार लागलं. मग ती स्टेशनवर गेली, एक कॉफी प्यायली आणि घरी येऊन टँकरचं नाव सांगितलं.

ही परीक्षा जन्मात दोनदाच देता येते. हजर राहिलं नाही तरी ती एक वेळ खर्ची पडते. दुसऱ्यांदाही हुकलं की संपलं, देशातल्या कुठल्याही विद्यापीठात पुन्हा त्या दारातून आत घेत नाहीत. कोर्डुलाने ट्रियरमधली खोली सोडली, आईवडिलांच्या घरी येऊन वर्षभर पुन्हा सगळा कायदा घोकला. अभ्यास झाला होता. भीती अभ्यासाची नव्हतीच. भीती होती त्या एका पायरीची, आणि हे तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

उपाय तिच्या आईने काढला. "या वेळी बसचं नावच नको," हेडविग म्हणाली. "विद्यापीठाजवळ हॉटेल घ्यायचं. अगदी जवळ. चालत जायचं."

उपाय जालीम होता, फक्त रोग दुसराच होता. पण ते सांगणार कसं? नॉर्बर्टचं चीज तर केव्हाच खाऊन झालं होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी मायलेकी हॉटेल बघायला ट्रियरला गेल्या. हेडविगने रविवारच्या प्रार्थनेची टोपी घातली होती, म्हणजे मामला गंभीर होता. पहिलं हॉटेल चर्चला लागून. मालकाने खिडकी उघडली आणि नेमकी वर घंटा वाजली. काचा थरथरल्या.

"ही रात्रीही वाजते?" हेडविगने विचारलं.

"दर पंधरा मिनिटांनी. पण सवय होते हो."

"किती दिवसांत?"

"पंधरवडा धरा."

"आणि हिची परीक्षा आठवड्यात संपते. चल गं."

दुसऱ्या हॉटेलात खाली स्किटल खेळायची गल्ली होती. लाकडी गोळा घरंगळत जाऊन नऊ खुंट्या आडव्या झाल्या की वरच्या पलंगाला हिसका बसायचा. हेडविगने पलंगावर बसून दोन हिसके अनुभवले आणि उठली. कोर्डुला तोंड पाडून म्हणाली, "अरेरे." पण आतून तिला हायसं वाटत होतं. एकही हॉटेल पसंत पडू नये, असाच धावा ती करत होती. हॉटेल नाही, तर बस. बस, तर पुन्हा काही ना काही कारण सापडेल. कारण म्हणजे तिला देवच झाला होता.

तिसरं होतं 'हिर्शेन'. आणि त्यात काडीचाही दोष निघेना. मागच्या बाजूची खोली, खिडकीखाली फक्त सफरचंदाची झाडं, गादी ना मऊ ना कडक. विद्यापीठापासून दहा मिनिटांवर, तेही रमतगमत चालणाऱ्याला. मालकीण थेलेनबाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून उभी होती.

"इथे कबरस्तानासारखी शांतता आहे," ती म्हणाली. "कायद्याची सगळी पोरं परीक्षेला माझ्याकडेच उतरतात. दरवर्षी."

"बघ, सोबतही होईल," हेडविग खूश होऊन म्हणाली.

कोर्डुलाने पलंगाखाली वाकून पाहिलं, तिथे धूळही नव्हती. आता पळायला वाटच उरली नव्हती.

सोबत कशी असते ते तिला परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कळलं. बॅग खोलीत टाकून तिने आधी हॉटेलच्या बोळातल्या टेलिफोनवरून घरी फोन लावला.

"पोचलीस ना? छान," तिचे वडील माथेस ओरडून बोलत होते, फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे. "उद्या सगळं गाव तुला यश यावं म्हणून अंगठे मुठीत दाबून बसणार आहे. नॉर्बर्ट तर दिवसभर दाबणार म्हणतोय. स्टिअरिंग कसं धरणार कुणास ठाऊक!"

"बाबा, त्यांना सांगा, नका दाबू."

"का गं? आणि हे बघ, घाबरायचं नाही. काही झालंच, तर आपल्या गाई आहेतच."

गाईंचं नाव निघताच तिने घाईघाईने फोन ठेवला.

जेवणाच्या खोलीत डझनभर उमेदवार बसले होते. बटाट्याचं सूप निवत होतं. माणूस एकटा घाबरला तर कशीबशी रात्र काढतो. डझनभर घाबरट एका छपराखाली आले की भिंतींनाही घाम फुटतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. फक्त हुन्सरुकच्या डोंगराकडचा गेरो नावाचा एक धष्टपुष्ट पोरगा बोलत होता. प्रत्येक वर्गात एक गेरो असतोच.

"तारणाबद्दलचा कोर्टाचा नोव्हेंबरमधला नवा निकाल तुम्ही सगळ्यांनी वाचला असेलच," तो पाव चावत म्हणाला. "उद्या तोच येणार. आतल्या गोटातली बातमी आहे."

सहा चमचे एकदम खाली ठेवले गेले. एक मुलगी तर रडकुंडीला येऊन वरच पळाली. कोर्डुलाने तो निकाल वाचला होता, दोनदा वाचला होता, आणि आता त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तिच्या शेजारी एक लांबट चेहऱ्याचा, चष्मेवाला मुलगा बसला होता. तो पावाचे बारीक तुकडे करून वाडग्याभोवती ओळीने मांडत होता.

"आन्सगार," तो पुटपुटला. "खोली नंबर अकरा."

"कोर्डुला. बारा. पहिलीच वेळ?"

"शेवटची," तो म्हणाला.

"माझीही."

मग दोघं आपापल्या खोलीत गेली. भिंत पातळ होती. अंथरुणात पडल्यावर तिला पलीकडून त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. कलमं, व्याख्या, पुन्हा कलमं. मग पुटपुटणं थांबलं आणि येरझारा सुरू झाल्या. कोर्डुलाने उशी डोक्यावर घेतली. थेलेनबाईची शांतता ती हीच.

सकाळी न्याहारीला प्रत्येकापुढे एकेक उकडलेलं अंडं होतं, विणलेल्या लोकरी टोपीखाली झाकलेलं. थेलेनबाई पहारेकऱ्यासारखी टेबलामागून फिरत होती. "खा. उपाशी पोटी कायदा सुचत नाही." मग एका टोपीपाशी थांबली. "अकरा नंबरचं अंडं गार होतंय. कुठे आहे तो?"

कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणाला पडलेलीही नव्हती. एकेक जण कोट चढवून, पेपरात उघडू देतात ते कायद्याचं लाल ठोकळ्याएवढं पुस्तक काखोटीला मारून निघत होता. कोर्डुला आपलं पुस्तक आणायला वर गेली. अकरा नंबरच्या दारातून नळाचं पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. नुसतं वाहत होतं, कुणी हात धूत असल्याचा आवाज नव्हता.

तिने दार वाजवलं. "आन्सगार? बारा नंबर. सगळे निघालेत."

"पुढे हो," आतून आवाज आला. "मी आलोच."

हा आवाज तिने ओळखला. हा येणार नव्हता. गेल्या वर्षी ती स्वतः अगदी याच सुरात हेच बोलली होती.

ती दारापाशी उभी राहिली, आणि तेवढ्यात तिच्या मनात आणखी एक विचार हळूच, पाय न वाजवता शिरला. राहू दे ना. इथेच बस, या जिन्यावर. एक मुलगा आत घाबरून बसलाय, त्याला सोडून जायचं कसं? परीक्षा काय, माणुसकी मोठी. गावात कुणी नाव ठेवणार नाही. उलट पाद्री रविवारच्या प्रवचनात सांगतील, आपल्या कोर्डुलाने दुसऱ्यासाठी स्वतःचं नुकसान केलं म्हणून.

आणि मग तिला कळलं, की हा नवा टँकर आहे. आयता चालून आलेला. या वेळी तर बर्फही लागलं नव्हतं. तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली, की तिच्या अंगावर काटा आला. ती मुठीने दार बडवायला लागली.

"उघड! ऐकतोस का? गेल्या वर्षी मी पेपराला पोचले होते! दारापर्यंत पोचले होते, आणि आत गेले नाही. घरी सांगितलं, टँकरमुळे बस पोचलीच नाही. अजून कुणाला खरं माहीत नाही. वर्षभर रोज मला वाटतंय की आज कळेल, आज कळेल. तुला असं जगायचंय का? उघड!"

नळ बंद झाला. दार उघडलं. आन्सगार सदरा आणि टाय घालून उभा होता, पायात नुसते मोजे. चेहरा भिंतीच्या चुन्यासारखा.

"माझे पाय चालत नाहीयेत," तो म्हणाला.

"बूट घाल. पायांचं नंतर बघू."

"तू म्हणालीस ते खरं?"

"बूट, आन्सगार!"

खाली थेलेनबाईने ते गार अंडं न बोलता त्याच्या कोटाच्या खिशात कोंबलं. दोघं पुस्तकं काखोटीला मारून रस्त्याने पळत सुटली. बर्फ चुरचुरत होतं, दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, आणि कोर्डुलाने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती. तिला वाटत होतं ती त्याला ओढतेय. तेवढा वेळ तिला स्वतःच्या भीतीकडे बघायला फुरसतच मिळाली नाही.

मग ती पायरी आली. तीच. दार उघडं होतं, बाहेर कुणी उरलं नव्हतं, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून मफलर गुंडाळलेला एक म्हातारा पर्यवेक्षक उभा होता. आन्सगार ज्या वेगाने आला त्याच वेगाने आत गेला. त्याची बाही कोर्डुलाच्या हातातून सुटली.

आणि तिचे पाय थांबले.

वर्षभर तिने याच क्षणाची धास्ती घेतली होती, आणि क्षण हुबेहूब तसाच आला होता. छातीत तेच घण. तळव्यांना तोच घाम. हॉटेल दहा मिनिटांवर असो की दहा कोसांवर, शेवटचं पाऊल जिथल्या तिथे होतं. कुणी तिला धरलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. कारण म्हणून दाखवायला आता आडवा टँकर नव्हता, घाबरलेला शेजारी नव्हता. फक्त ती होती.

"आत की बाहेर?" पर्यवेक्षक म्हणाला. "पेपर वाटायला घेतलेत. दार लावायचंय मला."

तिने एक पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

तेवढ्यात त्याच्या बगलेखालून आन्सगार परत बाहेर आला. पायरी उतरून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तू काय करतोयस इथे?" कोर्डुलाचा आवाज फुटला. "आत जा!"

"तू चल."

"मला जमत नाहीये. तू जा! मूर्खा, तुझी शेवटची वेळ आहे!"

"तुझीही आहे." त्याने चष्मा पुसला, तो जास्तच धुरकट झाला. "तू दार बडवलं नसतंस तर मी नळापाशीच बसलो असतो. तू नाही, तर मीही नाही."

"ही काय जबरदस्ती आहे?"

"आहे खरी," तो दात कडकडत म्हणाला.

पर्यवेक्षकाने दार ओढायला सुरुवात केली. अर्धं झालं. कोर्डुलाने त्या गाढवाकडे पाहिलं. तो खरोखरच हलत नव्हता. बर्फात, टाय लावून, खिशात अंडं घेऊन, तो स्वतःच्या इतक्या वर्षांच्या अभ्यासावर पाणी सोडायला निघाला होता, आणि ते तिच्यामुळे. भीती कमी झाली नाही. पण तिला त्याचा असा काही संताप आला, की तिने त्याला दोन्ही हातांनी पाठीत ढकललं. तो दारात आपटला, ती त्याच्यावर आपटली, आणि दोघं धडपडत आत गेली. मागे दार लागलं.

"नाव?" पर्यवेक्षकाने शांतपणे विचारलं.

"वेंडलिंग," ती म्हणाली. "कोर्डुला. मला फार भीती वाटतेय."

"खिडकीकडची तिसरी जागा," म्हातारा म्हणाला.

पहिलं पान तिने तीनदा खोडलं. अक्षर इतकं हलत होतं, की ते तिलाही वाचता येईना. भीती काही बाहेर थांबली नव्हती, ती पाचही तास तिच्याबरोबर बाकावर बसून होती. गेरोचा नोव्हेंबरचा निकाल आला नाही. जे आलं ते कोर्डुलाने लिहिलं, आणि वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती शेवटच्या ओळीवर होती.

बाहेर आन्सगार पायरीवर बसून अंडं सोलत होता. अर्धं तिला दिलं.

"अजून पाच पेपर आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे. उद्या तुझं दार मी वाजवते."

"आणि या दारापाशी?"

कोर्डुलाने मागे वळून पायरीकडे पाहिलं.

"इथे तू," ती म्हणाली.

मग दोघं उद्याला घाबरत घाबरत सूप प्यायला गेली.