हंसा मॅडमचं मातीसकट रोप

होळी गावच्या भाजीच्या वाडीवर वाढलेली हंसा चंदनसारच्या एका क्लासात वेबसाइट बनवायला शिकवते. शिकण्याआधी लॅपटॉपवर एडिटर, सर्व्हर, डेटाबेस असली अवजारं बसवावी लागतात, आणि पोरं तिथंच गळायची. कोणाचा लॅपटॉप जुना, कोणाचं व्हर्जन वेगळं. स्क्रीनभर लाल अक्षरं बघून आठवड्यात निम्मा वर्ग रिकामा. मालक हर्षवर्धन सरांनी बजावलं होतं, ही बॅच गळली तर तुमचा कोर्स बंद, त्या खोलीत टॅली सुरू.

घरी तिनं हे रडगाणं लावलं तेव्हा तिचा बाप नथू वांग्याची रोपं काढत होता, एकेकाच्या मुळाशी मातीचा गड्डा राखून. वर न बघताच म्हणाला, "बियानं वाटतेस नि उगवलं नाय म्हनून रडतेस. रोप दे, मातीसकट."

हंसानं ते मनावर घेतलं. सगळी अवजारं आधीच जोडून एका फोल्डरात भरली. पेनड्राइव्हवरून फोल्डर उतरवायचा, ‘सुरू’ नावाच्या फाइलवर क्लिक करायचं, झालं.

नव्या बॅचच्या पहिल्या तासाला सर मागच्या बाकावर येऊन बसले. पोरांनी क्लिक केलं. काहींचं चाललं, बाकीच्यांकडे तीच लाल अक्षरं. सर टॅलीच्या मास्तरांना फोन लावायला उठले.

हंसा एकेका स्क्रीनवर वाकली. अडलेल्या प्रत्येकानं तिचा फोल्डर ‘श्री’ नावाच्या फोल्डरात ठेवला होता. कोरी वही असो की नवा लॅपटॉप, हळदकुंकू वाहून पहिलं ‘श्री’ लिहायचं, ही आपली रीत. आणि सर्व्हरला फोल्डरचा मराठी अक्षरांतला पत्ता वाचता येत नव्हता. सरांनी दारातूनच नाव खोडायला सांगितलं. पुढच्या बाकावरच्या अश्लेषाचा चेहरा उतरला. तिच्या लॅपटॉपवर ते नाव आईनं एका बोटानं टाइप केलं होतं.

"खोडायचं नाही," हंसा म्हणाली. "आईनं लिहिलंय ते राहू दे. सर्व्हर घेईल जमवून."

तिनं ‘सुरू’मध्ये एक ओळ वाढवली: चालू होताना फोल्डरला तात्पुरता एका इंग्रजी अक्षराचा पत्ता द्यायचा. घरात लाडाचं नाव, शाळेत हजेरीचं, तसं.

पेनड्राइव्ह पुन्हा फिरला. अश्लेषाचं पान उघडलं, मग शेजारचं, मग सगळा बाक. पाचूबंदरच्या व्हिव्हियननं तर चहा येईस्तोवर पानावर बापाच्या बोटीचं नाव नि सुरमईचा भाव टाकला आणि सरांना विचारलं, "तुमच्या नावावर किती लिहू?"

सरांनी फोन खिशात घातला. "दोन लिही," ते म्हणाले, "आणि टॅलीला मी दुसरी खोली बघतो."

संध्याकाळी ती घरी परतली तेव्हा नथूनं वाडीतूनच विचारलं, रोपं धरली का.

"सगळी, बाबा."

"मग आता पानी घालायला इसरू नको," म्हातारा म्हणाला, आणि पाटाकडे वळला.